चौदा शिक्क्यांची गाडी

नामक्कल
६ एप्रिल २०२५

दाजी,

आणि वर तुम्ही आईला सांगता की हितूच्या पोटात दुखतंय! माझं पोट दुखायला इथलं रोजचं सांबार पुरेसं आहे, त्यासाठी तुमची गाडी लागत नाही. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की इंदरचंद शेठची गाडी घेऊ नका. तुम्ही म्हणालात, तू मला शिकवतो का. मी काहीतरी उलट बोललो, अक्का रडली, आणि सोनगीरहून आईने दोघांना बजावलं, "आते फोनवर भांडनात ते मन्ही आन शे तुमले." आईची शपथ मोडायची नाही, म्हणून हे पत्र. सातवी नापास माणसाला तुम्ही पेन धरायला लावलं.

तुम्हाला वाटतं मला शेठचा राग आहे. तीन वर्षं त्यांच्याकडे ड्रायव्हर होतो, त्यांचा पोरगा मनन चार माणसांत बोलला म्हणून सोडून आलो, आता त्यांची गाडी विकली जाऊ नये म्हणून आडवा येतोय, असं. बरं, तसं समजा. पण मी इथे अडीच वर्षं ट्रकची इंजिनं खोलतोय. आठवड्याला पाच-सहा तरी. माणूस पोशाखात फसवतो तशी जुनी गाडी रंगात फसवते. तुम्ही रंग बघता, सीटकव्हर बघता, टेप वाजवून बघता. अहो, टेप घ्यायचाय का गाडी?

दीपनगरच्या वीजकेंद्रातलं कंत्राट सुटल्यावर तुमच्या हातात जे साडेतीन लाख आले ते एकदाच आले. धुळ्याच्या लॅबचं काम मिळालंय, तेही गाडी एक दिवस न चुकता चालली तरच राहणार. एरंडोल, पारोळ्याचं रक्त गोळा करून दुपारी तीनच्या आत धुळ्याला. म्हणून सांगतो, गाडी बघायला न कळवता जा. सकाळी जा. पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. इंजिन थंड पाहिजे. गरम असेल तर हसून चहा प्या आणि परत या. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होतं तेव्हाच खरं बोलतं. मागून कसला धूर येतो, आतून टकटक येते का, तेलाचा लाल दिवा लगेच विझतो की रेंगाळतो, ते तेव्हाच कळतं. दहा मिनिटं चालली की सगळी इंजिनं सारखीच गोड बोलतात.

आणि तेल टाकायचं झाकण उघडून त्याची आतली बाजू बघा. डिपस्टिकच्या दांडीवरचं तेल बघून खूश होऊ नका, ते विकायच्या आदल्या दिवशी कुणीही बदलतो. झाकण कोणी पुसत नाही.

दुसरी गाडी बघा. चाळीसगावला, मालेगावला ढीग आहे. शेठची नको.

हितेंद्र


जळगाव
१५ एप्रिल २०२५

चि. हितेंद्र यास,

तुझं पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय असं तुझी अक्का म्हणाली. अक्कल कधी सुधारते बघू.

तुझं ऐकून न कळवता गेलो असतो तर शेठने काय समजलं असतं? माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्या गावचा कापूस त्यांच्याकडे जातो. फोन करून गेलो. तेरा तारखेला, रविवारी, रूपालीला घेऊन. ऊन काय विचारतो, धुळ्याच्या बस स्टँडवरून पाचव्या गल्लीत जाईपर्यंत चप्पल चिकटत होती. आम्ही पोचलो तर गाडी सावलीत उभी आणि एसी लावून चालू ठेवलेली. शेठ म्हणाले, "पावणा, अर्धा तास झाला ठंडी करून ठेवली आहे. बाई माणूस सोबत येणार, तापलेल्या गाडीत कसं बसवायचं?" ही माणुसकी बघ. तुझ्या त्या नामक्कलच्या मालकाने तुला कधी पंखा तरी लावून दिला का?

मग शेठाणी सुगनबाईंनी ताक दिलं, खिचिया पापड दिला. रूपालीला आत नेऊन ओटी भरली. आता तूच सांग, ज्या घरात बायकोची ओटी भरली त्या घरी मी बोनेटवर हात ठेवून "शेठ, झाकण उघडा" म्हणायचं?

मिस्त्री नेला नाही म्हणून तू बोंबलशील. मी नेणार होतो. पण शेठनी गाडीचं पुस्तक माझ्यासमोर टाकलं. दर पाच हजार किलोमीटरला सर्व्हिसिंगचा शिक्का. मोजले मी. चौदा. आणि ते चौदाही तू गाडीवर असतानाचे! नंतर शेठ फारसे बाहेर पडले नाहीत, गाडी उभीच असायची. म्हणजे गाडी चालली ती तुझ्याच हाताखाली. माझ्या मेव्हण्याने लेकरासारखी सांभाळलेली गाडी आणि मी तिला परका मिस्त्री लावू? तो तुझाच अपमान झाला असता. शेठच्या घरात बसून मी तो करणार नव्हतो, तू माझ्याशी कसाही वाग.

मननने काय म्हटलं होतं तुला, ते एकदा गिळून टाक. मुलगा आता पुण्याला असतो. शेठ तर तुझं नाव निघालं की, "हितेंद्रसारखा पोरगा परत मिळाला नाही," म्हणतात.

गाडी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर घ्यायची ठरली. एक जूनपासून लॅबचं काम सुरू.

योगराज


नामक्कल
२१ एप्रिल २०२५

दाजी,

पत्र वाचून मी पाना फेकला, तो मालकाच्या पायाजवळ पडला. तमिळमध्ये शिव्या खाल्ल्या. अडीच वर्षांत तेवढं तमिळ येतं मला.

एसी लावून ठेवला, म्हणजे इंजिन अर्धा तास चाललं. म्हणजे तुम्ही गरम इंजिन बघितलं. शेठनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, तुम्हाला संशय तरी आला असता. तुम्ही ताक प्यायलात आणि परत आलात. साडेतीन लाख घेऊन निघालेला माणूस ताकावर पाघळतो, आपल्याकडचीच गोष्ट आहे ही. इथे माणूस शंभर रुपयांचा नट घेताना भिंगातून बघतो आणि त्याच दुकानदाराच्या पोराच्या लग्नात जेवायला जातो. कोणाचा अपमान होत नाही.

शिक्क्यांचं म्हणाल तर शिक्का रबराचा असतो. पंधरा मिनिटांत बनतो. पुस्तकावर गाडी चालत नाही, तेलावर चालते. तेल वेळेवर बदललं नाही की ते जळून जळून घट्ट होतं, गाळ बनतो, आणि तो गाळ तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीत जाऊन बसतो. मग वरती दागिना असला तरी आतला मुख्य दांडा, ती क्रँक, कोरडी फिरते. असली इंजिनं मी रोज खोलतो. मालक नुसतं बोट लावून सांगतो, या माणसाने पैसे वाचवले. या तमिळ माणसाला कळतं, तुम्हाला कळत नाही.

मी सांभाळली होती म्हणून घेऊ नका. माझ्या नावावर काहीही घेऊ नका. तीन वर्षांत गाडीला काय काय होतं तुम्हाला काय माहीत. ड्रायव्हर काय सगळं बघतो का. तुमचा मेव्हणा म्हणून मला डोक्यावर बसवू नका, मी तसा नाही.

आखाजीला नऊ दिवस आहेत. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतोय. मिस्त्री न्या. त्याचे पैसे मी देतो. झाकण उघडा, एवढं एकच करा. शेठला वाईट वाटलं तर वाटू द्या.

हितेंद्र


जळगाव
४ मे २०२५

प्रिय हितू,

यांना लिही म्हटलं तर म्हणाले, त्याला आता गाडीच लिहील. म्हणून मीच लिहिते.

तुझं पत्र आखाजीच्या आदल्या दिवशी आलं. यांनी वाचलं आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. मला वाटलं मिस्त्रीला फोन करतील. रात्री म्हणाले, "रूपा, भाऊ तुझा आहे म्हणून बोलत नाही. पण ज्या गाडीवर स्वतः तीन वर्षं पोट भरलं तिच्याबद्दल इतकं वाईट लिहायला माणसाला मन कसं होतं?"

गाडी आली. शेठ तीन लाख चाळीस म्हणत होते. शेवटी स्वतःच पंधरा हजार कमी केले. म्हणाले, "हे हितेंद्रच्या नावाचे. त्याने माझी गाडी राखली." तीन लाख पंचवीसला दिली. तुझ्या नावावर पंधरा हजार सुटले बघ, आणि तू म्हणतोस माझ्या नावावर काही घेऊ नका.

तशीच नवी गाडी घेऊन सोनगीरला गेलो. आईने पुरणपोळी, आंब्याचा रस केला होता. सगळी गल्ली गाडी बघायला आली. झुलाल नानांनी तर दोनदा हॉर्न वाजवून बघितला. आई म्हणाली, "मन्हा हितू असता ते त्यानीच चालाडी लयी असती." तू चालवत आणली असतीस म्हणून डोळे पुसले. मला खूप वाईट वाटलं. कोणाशी भांडतोस रे एवढ्या लांब बसून?

एक विचारायचं होतं, यांना न सांगता. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केली की मागून निळसर धूर येतो. थोडा वेळच. मग बंद होतो. हे म्हणतात डिझेल गाडी आहे, उदबत्ती थोडीच सोडणार. पण चार दिवसांत तेलही थोडं कमी झालंय असं मला वाटलं. मी फडक्याने पुसून दांडी बघितली, तू लहानपणी झुलाल नानांच्या ट्रॅक्टरची बघायचास तशी. हे काही असतं का?

रूपाली


नामक्कल
१२ मे २०२५

अक्का,

असतं.

पत्र पोचायला लागतील तेवढे दिवस गेलेच आहेत, आता पुढचे घालवू नकोस. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण काढायचं. तिथून वाफेसारखा धूर भकाभका आला, किंवा झाकण नुसतं ठेवलं तर नाचायला लागलं, तर समज आतली हवा वर येतेय, पिस्टनच्या रिंगा संपल्यात. झाकणाच्या आत काळा गोळा बसलेला असेल, बुटाच्या पॉलिशसारखा. बोटाने काढला तर निघणार नाही.

ते आताच्या आता थांबवायचं. लॅबचं काम सुरू व्हायच्या आत खालची तेलाची टाकी उतरवून जाळी साफ करून घ्या. कोणी म्हणेल आत फ्लशचं औषध टाका, ते मुळीच टाकू देऊ नका. सगळा गाळ एकदम सुटेल आणि जाळीत जाऊन बसेल. साधं तेल बदला, पाचशे किलोमीटरने परत बदला, मग परत. खर्च येईल सात-आठ हजार. मी देतो.

दाजींना सांग की मी सांगितलं म्हणून करू नका, अक्का रडते म्हणून करा.

मी राखली वगैरे शेठ म्हणाले असतील, ते मनात ठेवू नकोस. माणसं म्हणत असतात.

हितू


जळगाव
३ जुलै २०२५

हितेंद्र,

टाकी उतरवली नाही. तुझ्या अक्काने दोनदा सांगितलं. मी म्हणालो, पंधरा दिवस काम करू दे, पहिलं बिल मिळू दे. हे माझं चुकलं. हे माझ्या खात्यावर धर, मी नाही म्हणणार नाही. बाकीचं कोणाचं आहे ते खाली लिहितो.

सव्वीस जूनला धुळ्याच्या अलीकडे, फागण्याच्या पुढे गाडी थांबली. आधी लाल दिवा लागला, मग आतून कोणी घणाने ठोकावं तसा आवाज, आणि नंतर काहीच नाही. मागे बर्फाच्या पेटीत एकसष्ट माणसांचं रक्त. मी रस्त्यात उभा राहून हात दाखवत होतो. पावणेदोन तासांनी एक केळीचा टेम्पो थांबला. धुळ्यात पोचलो तेव्हा पाच वाजले होते, बर्फाचं पाणी झालं होतं. लॅबवाल्या बाईंनी पेटी उघडून बघितली आणि बंद केली. रागावल्या नाहीत. एरंडोलच्या एका म्हातारीला परत सुई टोचावी लागणार, तिची शीर सापडत नाही, एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी काम दुसऱ्याला दिलं.

गाडी टो करून गॅरेजला लावली. मिस्त्रीने टाकी उतरवली. आत तेल नव्हतं, डांबर होतं. तो म्हणाला, साहेब, या इंजिनाचं तेल कित्येक वर्षं कोणी बदललेलं नाही, नुसतं वरून वाढवलंय. मी पुस्तक दाखवलं. तो हसला. इंजिनाचा खर्च पंच्याण्णव हजार, त्यातही खात्री नाही.

मग मी धुळ्याला गेलो. पाचव्या गल्लीत, दुकानाच्या ओट्यावर, गिऱ्हाइकं बसलेली असताना इंदरचंद शेठला चोर म्हणालो. एकदा नाही. त्यांचं वय शहात्तर आहे. ते उठले, आत गेले, आणि एक जाड वही घेऊन आले. बिलं डकवायची वही. सर्व्हिसिंगची चौदाही बिलं तिच्यात, तारीखवार. प्रत्येकी तीन हजार आठशे. म्हणाले, "मी दरवेळी पैसे दिले, पावणा. मोजून दिले. गाडी नेणारा आणि बिल आणणारा तुमचा माणूस होता." मी वही मागितली. त्यांनी दिली. वर पाणी पण दिलं.

रात्री ती वही मी जेवणाच्या टेबलावर ठेवली. रूपाली वाचायला लागली आणि पाचव्या बिलावर थांबली. कपाटातून तुझी पत्रं आणली आणि बिलाशेजारी ठेवली. तुला अक्षर तिनेच गिरवून घेतलं होतं ना, सोनगीरच्या ओट्यावर पाटी घेऊन? ती चूक कशी करेल. चौदापैकी दहा बिलं एकाच हातची आहेत. ज्या हाताने मला "झाकण उघडा" लिहिलं त्याच हातची.

आता मला इंजिनाचं काही लिहू नकोस. हो की नाही, एवढं लिही.

योगराज


नामक्कल
१२ जुलै २०२५

दाजी,

हो.

पहिल्या चार सर्व्हिसिंग खऱ्या केल्या. पाचव्या वेळी गॅरेजवाला म्हणाला, शेठ काय खाली वाकून बघणार आहे का, तेल अजून चांगलं आहे, पुस्तकात शिक्का मारतो, कोरं बिल घेऊन जा, पाचशे मला दे. मी दिले. गाडी चालली. सहाव्या वेळी पण चालली. दाजी, इंजिन लगेच ओरडत नाही, हीच त्याची खोड आहे. तुम्ही चोरी करता आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं चालू होतं. मग तुम्हाला वाटायला लागतं की तेल बदलणं हे श्रीमंतांचं खूळ आहे. गॅरेजच्या बाहेर पानटपरीवर बसून बिल मीच लिहायचो. सुट्टं तेल अर्धा लिटर वरून टाकायचो. दहा वेळा.

पैसे कशात गेले ते विचारलं नाहीत, तरी लिहितो. मोबाईल घेतला. बूट घेतले. शिरपूर रोडच्या ढाब्यावर मित्रांना जेवण घातलं, मोठा माणूस झालो. आणि त्या वर्षी भाऊबीजेला अक्काला मिक्सर दिला, तो.

मनन मला चार माणसांत काही बोलला नव्हता. ते मी रचलं. गाडी सकाळी निळा धूर सोडायला लागली तेव्हा मला कळलं की आता कोणीतरी झाकण उघडणार. त्याच्या आत निघून आलो. इथे ट्रकच्या गॅरेजमध्ये लागलो ते पण त्यामुळेच असेल, नक्की सांगता येत नाही. पहिल्या महिन्यात मालकाने एका इंजिनात बोट घालून मला काळा गाळ दाखवला, तेव्हा मला ओकारी आली होती. त्यांना वाटलं नवीन पोरगा आहे, वास सहन होत नाही.

तीन महिने मी तुम्हाला झाकण, धूर, जाळी, सगळं लिहिलं. गाडी घेऊ नका असं तीन वेळा लिहिलं. का, ते एकदाही लिहिलं नाही. एका ओळीचं काम होतं. तुम्ही मला मूर्ख समजाल, जळकुटा समजाल, हे मला चाललं. चोर समजाल हे चाललं नाही. तुमचे साडेतीन लाख गेले तरी चालतील, पण अक्काने मला चांगलं म्हणावं, असा हिशेब मी केला. तुम्ही ताक पिऊन पाघळलात म्हणून तुम्हाला हसलो मी. तुम्ही निदान दुसऱ्याच्या चांगुलपणावर पाघळलात.

एका गोष्टीचा राग मात्र मला आहे आणि तो लिहिणार. तुम्ही मिस्त्री नेला नाही तो माझ्या मानासाठी. कोणी सांगितलं होतं? मी कधी मान मागितला होता तुमच्याकडे? घरातला माणूस म्हणून डोळे मिटून घेतलेत आणि मी त्या डोळ्यांवर पाय देऊन उभा राहिलो. परत कोणाच्या बाबतीत असं करू नका. माझ्या बाबतीत तर नकोच.

शेठची माफी तुम्ही मागायला जाऊ नका. ती माझी आहे. त्यांना वेगळं पत्र लिहिलंय, दुकानाच्या पत्त्यावर, आणि वर लिहिलंय की ओट्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवा. तुम्ही ज्या गिऱ्हाइकांसमोर त्यांना चोर म्हणालात ती माणसं रोज तिथेच असतात. तुमचं नाव मोकळं झालं नाही तरी त्यांचं होईल. आईला काय सांगायचं ते अक्काने ठरवावं. मला सुचत नाही.

इंजिनाचं लिहू नकोस म्हणालात, तरी एवढं लिहितो. पंच्याण्णव हजारात तुमच्यासमोर खोलून घ्या. क्रँक घासून चालणारी असेल तर घासा, नसेल तर नवीन टाका, जुनी वेल्डिंग करून टाकू देऊ नका. टर्बो पण बघायला सांगा, तो सगळ्यात आधी जातो. गाडी उभी ठेवू नका आणि भंगारात पण देऊ नका. लॅबवाल्या बाईंना मी काय सांगणार, पण गाडी नीट झाली की एकदा जाऊन भेटा. त्या रागावल्या नाहीत असं तुम्हीच लिहिलंत.

मालकाकडून दीड महिन्याची उचल घेतली. त्यांनी कारण विचारलं, तमिळमध्ये सांगता आलं नाही, बरं झालं. मोबाईल विकला, तेव्हा फोन लागला नाही तर काळजी करू नका. दहा वेळा तीन हजार आठशे म्हणजे शेठचे अडतीस हजार मी बुडवले होते, आणि शेठनी माझ्या नावाचे म्हणून सोडलेले पंधरा हजार, ते पण त्यांचेच. उचल आणि मोबाईलचे एकत्र केले तरी ते त्रेपन्न हजार भरत नाहीत. इंजिनाचं तर लांबच. शेठचे नंतर, आधी तुमचे. अक्काच्या खात्यात आज टाकले ते एकतीस हजार पाचशे.